होडीवरील कचेरी
आमच्या मालवणच्या एका स्नेह्यांनी आपल्या होडीच्या आउटबोर्ड इंजिनासाठी नुकतीच तबकड्यांची एक संपूर्ण कचेरीच थाटली असून, मिनिटागणिक होणाऱ्या फेऱ्यांची जमाबंदी करणारी एक, थंडाव्याच्या पाण्याचा दाब कळविणारी दुसरी, तापमानाची तिसरी, बॅटरीच्या व्होल्टांची चौथी आणि इंजिन एकंदर किती तास राबले याचा रोजनामा ठेवणारी पाचवी, असा तो सरंजाम आहे. वृद्ध तांडेल मात्र इंजिनातून मागे पडणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेकडे पाहून, “धार पडता मां? मगे झाला,” एवढाच दाखला देतो, कारण रबरी पात्यांचा पंप समुद्राचे पाणी ओढून इंजिन थंड राखीत असल्याची त्याच्या लेखी तीच काय ती साक्ष. (न्यायाने बोलायचे तर दाबाची तबकडी ही धारेहून चोख साक्षीदार.) परवा पाणी घेण्याच्या जाळीस प्लॅस्टिकची पिशवी चिकटली आणि दाबाचा काटा इमानेइतबारे खाली उतरला, परंतु मालक त्या घटकेस व्होल्टांच्या चिंतनात निमग्न होते. धार आटलेली तांडेलानेच पाहिली, इंजिन बंद करून वर उचलले, पिशवी सोडविली. मालक आता काट्यांकडे पाहण्याची ताकीद देणाऱ्या भोंग्याची तजवीज करीत आहेत.