तपकीर गल्लीतील यंत्र आणि विलायतेतील अंमल

लंडन, ऑक्टोबर 2025

तीर्थरूप दादांच्या चरणी बालक धाकट्याचे कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पावले. तपकीर गल्लीतील दुकाने पालथी घालून आपण सिद्ध केलेला तौलनिक तक्ता, त्यातील ‘दुकानदाराचे म्हणणे’ व ‘माझा अभिप्राय’ हे दोन स्वतंत्र रकाने आणि दुसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत उमटलेला ‘अविश्वसनीय’ हा शेरा आम्ही सर्वांनी आदरपूर्वक वाचला. आपल्या प्रश्नाचा मथितार्थ असा की, दूरचित्रवाणी संचाच्या पाठीमागे खोचावयाचे ते बोटभर यंत्र पुण्यातच खरेदी करावे, हिवाळाभर सदाशिव पेठेत वापरावे आणि चैत्रात आपण उभयता इकडे याल तेव्हा तेच कोटाच्या खिशातून आणावे, म्हणजे एका खर्चात दोन घरांची सोय होईल. या योजनेतील काटकसर निर्दोष आहे. दोष आहे तो जगाच्या रचनेत.

यंत्रापुरते बोलावयाचे तर ते येथे खुशाल चालेल. अमेझॉनची फायर टीव्ही स्टिक घ्या, गूगलचे घ्या की ॲपलची डबी घ्या, सर्वांचे कार्य एकच: वाय-फायवरून येणारा चित्रप्रवाह एचडीएमआयच्या खाचेतून संचास पोहोचता करणे. ती खाच दोन्ही देशांत सारखीच, वीजही दोन्हीकडे 230 व्होल्टचीच. फरक काय तो भिंतीतील छिद्रांच्या आकाराचा. ‘4के’ या अक्षरांपाशी दुकानदाराचा स्वर भक्तिभावाने का थरथरतो, असे आपण विचारता. ज्या संचाच्या पडद्याची मुळात तितकी ऐपत नाही त्यास 4केचे यंत्र जोडल्याने चित्र सुधारत नाही, केवळ दुकानदाराची स्थिती सुधारते. शिवाय अशा चित्रासाठी नेटफ्लिक्स सेकंदास 15 मेगाबिटची गती मागते. तेव्हा आधी घरच्या इंटरनेटची चौकशी करावी.

खरा पेच यंत्राचा नसून हक्कांचा आहे. प्रत्येक चित्रपट, मालिका आणि क्रिकेटचा सामना यांचे प्रक्षेपणहक्क देशवार विकलेले असतात. पेशवाईत एकाच परगण्यावर एकाची देशमुखी, दुसऱ्याचा मोकासा आणि तिसऱ्याची चौथाई असावी, तद्वत एकच मालिका भारतात एका सरदाराकडे, विलायतेत दुसऱ्याकडे, तर कित्येक मुलखांत कोणाच्याच दप्तरी नसते. आपण हीथ्रोवर उतरून यंत्र येथील वाय-फायला जोडताच, इंटरनेटच्या पत्त्यावरून आपण कोणाच्या अंमलात आलात याची वर्दी त्या सेवेस मिळते, आणि पुण्यात भरलेली वार्षिक वर्गणी कितीही खणखणीत असली तरी ‘हा कार्यक्रम आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही’ असे बजावण्यात येते. नेटफ्लिक्स निदान येथला मजकूर पुढे करते. भारतापुरत्याच मर्यादित असलेल्या सेवा तेवढाही मुलाहिजा राखत नाहीत. झी5सारखी सेवा परदेशातही मिळते, परंतु तेथेही वर्गणीचा दर मुलखागणिक निराळा.

2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढे सिंहगडावरील मनोऱ्यावरून ते चित्र पुण्यात उतरू लागले, तेव्हा निवडीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. गच्चीवरील अँटेना सिंहगडाच्या रोखाने वळवली की कर्तव्य संपले, आणि जे दिसेल ते, शेतकऱ्यांसाठी असले तरी, अख्ख्या वाड्याने पाहावयाचे. त्या काळी टपाल कचेरीत भरावी लागणारी संचाची परवाना-फी आपल्याकडे 1980च्या दशकात रद्द झाली. येथे मात्र ती अद्याप शाबूत असून 2025 साली ती सालिना 174.50 पौंड होती. यंत्र कोणतेही असो आणि वाहिनी कोणतीही असो, प्रक्षेपण चालू असतानाच पाहावयाचे तर परवाना हवाच. आपण याल त्या दिवसांत पुण्यातील रात्री आठची मालिका येथे दुपारी साडेतीनला लागेल; ती सुरू असतानाच पाहण्याचा आग्रह नसेल, तर ॲपवर मागाहून पाहण्यास हा परवाना लागत नाही. बीबीसीचा आयप्लेअर तेवढा या सवलतीस अपवाद आहे.

यंत्राच्या आयुष्याविषयीही खातरजमा करावी. गूगलचे क्रोमकास्ट 2013 साली अवतरले, त्यास रिमोट नव्हता व सारा कारभार फोनवरून चाले; 2024 साली ते बंद होऊन त्याच्या गादीवर गूगल टीव्ही स्ट्रीमर आला. मार्च 2025 मध्ये तर दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट यंत्रे जगभर एकदमच निकामी झाली, कारण त्यांच्या अंगी कोरलेल्या डिजिटल सनदेची (सर्टिफिकेटची) मुदत संपली होती; नवी सनद पाठवून त्यांस पुन्हा कामावर रुजू करून घ्यावे लागले. तेव्हा ‘लाइफटाइम’ असे दुकानदार म्हणाला, तर कोणाचा, एवढे आपण अवश्य विचारावे.

सबब माझी नम्र सूचना अशी की, तक्त्यातील रकान्यांचा क्रमच उलटा करावा. प्रथम आईने काय पाहावयाचे ते लिहून काढावे, कारण रिमोट अखेर तिच्याच ताब्यात राहणार हे आपणही जाणता. मग त्या मालिकांचे हक्क कोठे कोणाकडे आहेत ते आम्ही शोधू. त्या सेवेचे ॲप ज्या यंत्रावर चालते ते यंत्र सर्वांत शेवटी आणि स्वस्तात स्वस्त घ्यावे, एक पुण्यास व एक येथे. येथले सौ.ने आजच मागविले असून त्याच्या रिमोटवरील बटणे मोजकी व ठळक आहेत. आपण पुणेकर असल्याने दोन यंत्रांचा खर्च बोचेल खरा, परंतु एकाच यंत्रासाठी दोन राज्यांशी वाटाघाटी करणे त्याहून महाग पडते.

वडील वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. कळावे, लोभाची वृद्धी व्हावी ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. येथे कृष्णधवल संचाचा परवाना 2025 साली अवघ्या 58.50 पौंडांत मिळत असे, ही बातमी आपणांस अन्य मार्गाने कळण्यापूर्वी मीच कळवीत आहे. ती वाचून माळ्यावरचा जुना संच सामानात बांधण्याचा विचार मनात आल्यास तो कृपया रहित करावा. त्यास एचडीएमआयची खाच नाही.