एकटेपणाचा उमेदवार

शिरड शहापुरात सतराव्या वर्षी एकलकोंडं होणं म्हणजे भलतं कष्टाचं काम. आमच्या उमेदवारानं तयारी मात्र कडक केली आहे. भर उन्हाळ्यात काळा टी-शर्ट, कपाळावर केस, कानात इअरफोन आणि तोंडावर जगानं टाकून दिल्याचा भाव. अडचण एवढीच, की जग त्याला टाकायला तयार नाही.

त्याचं गाणं ठरलेलं. ‘रश’ या कॅनडाच्या बँडचं ‘सबडिव्हिजन्स’, 1982 च्या ‘सिग्नल्स’मधलं. शब्द ड्रमर नील पिअर्टचे, आवाज गेडी लीचा, आणि गिटारपेक्षा सिंथेसायझरचाच जोर. एकसारख्या घरांचं उपनगर आणि शाळेतल्या टोळक्यांत न बसणारी पोरं. हा म्हणतो, ही माझीच कहाणी. तिकडची घरं म्हणे एका साच्यातली. आमच्याकडं दोन शेजाऱ्यांच्या भिंती एका रेषेत आल्या, तर मोजणीचा वाद मिटला असं समजतात.

एकांतासाठी तो वसमत रस्त्याच्या कडेला जाऊन बसतो. गाणं सुरू होतं न होतं तोच औंढ्याहून नागनाथाचं दर्शन घेऊन परतणारी जीप थांबते. “काहून एकटाच बसलास रे लेकरा? घरी सोडू का?” जीप जाते तोवर मोटारसायकल. “कोणाचा रे तू?” तिसरा तर बापाचा मित्रच निघतो. “रिकामाच हायस ना? चल, हळदीची पोती टेम्पोत टाकू लाग.” संध्याकाळी काळा टी-शर्ट पिवळा होऊन घरी येतो. पोरगं रस्त्यावर तोंड पाडून बसल्याची खबर त्याच्या आधीच पोचलेली असते, आणि माय मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढायला उभी.

पण त्याची तक्रार खोटी नाही. विचारपूस सगळेच करतात: कोणाचा, कितवीला, किती टक्के. चौथा प्रश्न गावात निघालेलाच नाही. इथून जवळच, दुधाळ्याला, कृष्णविवरांच्या टकरीची थरथर टिपायला ‘लायगो’ प्रकल्प व्हायचा आहे. पोराच्या कानात काय वाजतंय, हे मात्र शेजारच्या खाटेवरच्या बापाला ठाऊक नाही.

तेव्हा औंढ्याला जाता-येता हा दिसला, तर गाडी जरूर थांबवा. फक्त कोणाचा ते विचारू नका, कोणतं गाणं ते विचारा. आणि पोती उचलायची असतील तर तेही सांगा. तो नाही म्हणत नाही.