दादा, तू नुसता बस

अहो, जरा इकडं या, कुंपणापाशी. मोठ्यानं बोलायची सोय नाही, कोपऱ्यावरच्या घराची खिडकी उघडी आहे. ऐकलंत का, धाकटीला बघायला येणार आहेत! हो हो, आपलीच धाकटी. साईमंदिराच्या स्टॉपवर पर्स काखोटीला मारून उभी असते ना, तीच.

झालात ना गार?

हे सगळं त्या पुण्याच्या लग्नापासून सुरू झालं. २०२३ च्या जुलैतलं हो, तुम्हीच फॉरवर्ड केलं होतंत मला. नवरी अनन्या पुण्याची, नवरा विघ्नेश दुबईचा, घरचं तमीळ. ती २२ ची, तो २७ चा, आणि दोघांनाही डाऊन सिंड्रोम. विधी मराठीही, तमीळही. आपण बायकांनी साडी बघितली, दागिने बघितले, ‘किती गोड दिसतात’ म्हटलं आणि मोबाईल ठेवून कुकर लावला. धाकटीनं मात्र तो फोटो जेवताना भावाच्या पुढ्यात धरला. "दादा, माझं कधी?"

अहो, काय तोंड झालं म्हणे त्याचं! वहिनी समोरच चपात्या लाटत होती, तिनंच सांगितलं मला. घास हातात तसाच, ना तोंडात जातोय ना ताटात. शेवटी म्हणाला काय, तर "आमटी वाढ."

आता त्याला तरी काय बोलायचं... पोरगी जन्मली तेव्हा हा शाळेत. २१ नंबरच्या गुणसूत्राच्या दोनाच्या जागी तीन प्रती, एवढंच खरं तर, पण घराची झोप उडाली. अशा बाळांत जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात काहीतरी खोट निघतेच, हिच्याही निघाली. मग ते इको, ते ऑपरेशन, पुढं थायरॉईडची गोळी. गोळीचा डबा आजही तोच भरतो. शेंडा पार्कला ‘चेतना’च्या शाळेत सोडायला-आणायला तोच. कुणी टक लावून बघितलं की हा बाह्या सरसावून पुढं.

तर काय सांगत होते... हां, बस! राजारामपुरीतल्या बेकरीत तिला खोकी भरायचं काम लागलं तेव्हाची गंमत तुम्हाला माहीतच असेल. ही म्हणाली, "मी एकटी जातो." हा बरं म्हणाला आणि केएमटीच्या मागून बुलेट घेऊन निघाला! रोज! ही मागच्या काचेतून त्याला टाटा करायची. शेवटी एक दिवस स्टॉपवर उतरून सरळ त्याच्याकडं गेली आणि म्हणाली, "दादा, तू घरला जा. मला कंडक्टर वळखतोय. तुला कोण वळखतंय?"

रिक्षावाले हसले म्हणे. हा तसाच मागं फिरला, पण मुकाट्यानं नव्हे. थेट वकिलाकडं. पुढंमागं कुणी फसवलं तर, आईबाबांच्या पश्चात काय, सह्या कुणी करायच्या... पालक म्हणून माझं नाव लावा, म्हणाला. वकीलसाहेबांनी सगळं नीट सांगितलं. १९९९ चा नॅशनल ट्रस्टचा कायदा आहे, कलेक्टरांची कमिटी पालक नेमते, सगळं खरं. पण २०१६ चा दिव्यांगांचा कायदा म्हणतो की पालकत्व मर्यादित. म्हणजे पालकानं आणि तिनं मिळून ठरवायचं, तिच्या मनाप्रमाणं. तिला बाजूला सारून नाही. आणि लग्नाचं म्हणाल तर संमती तिची हवी, तिला समजून-उमजून दिलेली. तुमची नव्हे.

मग तिलाही बोलावून घेतलं आणि वकीलसाहेब खुर्ची वळवून तिलाच विचारते झाले, "बाळ, लग्न म्हणजे काय?"

ही म्हणाली, "डबा मी करणार. भांडी तो घासणार. विचारलंय मी."

"कुणाला विचारलंयस?" दादा उठूनच उभा!

तर असं आहे ते. रंकाळ्याकडचा मुलगा आहे, तिच्याच शाळेतला, तिच्यासारखाच. झेरॉक्सच्या दुकानात कागद लावतो. वहिनीला माहीत होतं हो, आईलाही कुणकुण होती, फक्त ह्यालाच पत्ता नाही. आठवडाभर घरात अबोला. त्यात आपल्या काकू! तुम्हाला तर माहीतच आहे. गेल्या समजूत काढायला. "देवाचं लेकरू ते, त्याला कशाला संसारात ओढता?" धाकटी आतून आली. "काकू, मी २६ ची हाय. लेकरू नव्हं." काकूंच्या हातातला चहा बशीत सांडला, बघा. मी नव्हते तिथं, पण वहिनी खोटं कशाला सांगेल?

मला विचाराल तर आपण सगळेच हे करतो. सिनेमात चालतं आपल्याला. ‘सितारे जमीन पर’ बघून आल्यावर ‘तो गुड्डू किती छान’ म्हणून याच काकू डोळे पुसत होत्या! आणि शेजारच्या पोरीनं नवरा मागितला की... जाऊ दे.

तर मीच मग दादाला गाठलं, इथंच, ह्या कुंपणापाशी. इंग्लंडची गोष्ट दाखवली मोबाईलवर. एसेक्समधले मेरीअ‍ॅन आणि टॉमी पिलिंग, दोघंही असेच. टॉमीनं मशीनमधून निघालेली खेळण्यातली अंगठी देऊन मागणी घातली, १९९५ साली लग्न झालं. लोकांनी मुलीच्या आईला काय काय ऐकवलं! आईनं लग्न लावलं, आणि घर दिलं ते आपल्या शेजारी. मेरीअ‍ॅनची बहीण लिंडी दोघांच्या पाठीशी उभी, त्यांच्या संसाराच्या गोष्टी जगाला सांगणारी तीच. पंचवीस वर्षांवर संसार झाला हो. २०२१ उजाडताना टॉमीला कोविडनं नेलं.

दादानं सगळं वाचलं. बराच वेळ बोललाच नाही. मग विचारलं, "शेजारी म्हणजे किती शेजारी?"

आणि परवा बघते तर हा गच्चीवर मेजरटेप घेऊन फिरतोय!

पण मुलाची परीक्षा घेतल्याशिवाय सोडतोय होय? बोलावलं त्याला कळंबा तलावावर. बांधावरनं चालत चालत प्रश्न सुरू. पगार किती, गोळ्या कुठल्या, रस्ता ओलांडता येतो का, गॅस बंद करता येतो का. पोरगं शांतपणे उत्तरं देत होतं. गॅस येत नाही म्हणून सरळ सांगितलं, इंडक्शन येतं म्हणाला. शेवटी त्यानंच विचारलं, "तुम्ही आमच्या पण मागनं बुलेट आणणार काय?"

आता हसताय, पण दादाचा चेहरा कसा झाला असेल... वहिनी म्हणते, घरी आल्यावर तो स्वतःच हसत होता. खरं-खोटं तीच जाणे.

मूलबाळाचं विचारू नका, ते डॉक्टरांशी बोलणार आहेत, दोघांनाही समोर बसवून. कोण कुठं राहणार तेही ठरायचंय. मुलाची आई म्हणे म्हणते, रंकाळा काय लांब आहे का! म्हणजे तिकडंही एक दादा आहेच, फक्त पदर घेतलेला.

रविवारी संध्याकाळी येणार आहेत. पोहे धाकटीच करणार, इंडक्शनवर, कुणी मधे यायचं नाही. दादाला सक्त ताकीद आहे, "तू नुसता बस. बोलायचं मी." किती वेळ गप्प बसतोय ते बघायला पाहिजे. मी पाच वाजता जाणार आहे, वाटीभर साखर मागायला. तुम्ही असं करा, दूध संपलं म्हणून या.