सौ. सुईताईंना अनावृत पत्र

सौ. सुईताई,
सा. न. वि. वि.

नव्या ब्लाऊजच्या पाठीवर आपण घातलेली टीप पाहिली. चार टाके बारीक, मग एक लांब ढांग, मग दोन टाके बेपत्ता, मग पुन्हा साळसूदपणे हजर. एवढी विविधता एकाच शिवणीत साधायला अंगी कला लागते!

त्याहून मोठी कला म्हणजे आपल्यावर कुणाचा संशय न येऊ देणं. आधी बॉबिन केसचा इवलासा स्क्रू पिळला गेला. मग वरचं टेन्शन कसलं, सैल केलं, पुन्हा कसलं. दातांमधला कापसाचा भुगा काढला, मशीनला तेल पाजलं. शेजारच्या काकूंनी तर मशीनच मोडीत काढायचा निकाल दिला. आपण मात्र दांडीला लटकून चकाकत होतात, जणू गावच्या भांडणाशी आपला संबंधच नाही.

परवा अस्तराला लावलेल्या टाचणीवर आपण आदळलात, तेव्हा ‘टक्’ असा आवाज झाला होता. आठवतं? आपलं काम तसं नाजूक. खाली जाऊन किंचित वर येताना दोऱ्याचा छोटा फास सोडायचा आणि शटलच्या टोकाने तो नेमका उचलायचा. केसभर वाक आला, की शटल रिकामंच फिरतं आणि टाका सुटतो. टोक बोथटलं, तर कापडात शिरण्याऐवजी आपण त्यालाच खाली दाबता. मग फास नीट पडत नाही. १८४६ साली इलायस हाउने ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यातल्या सुईचं भोक टोकाशी होतं. एवढ्या जुन्या घराण्याला हे शोभतं का?

न्यायाचं बोलायचं, तर एका गुन्ह्यात आपण निर्दोष आहात. कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो, तेव्हा लोक बॉबिनला धरतात. खरी ढिलाई बहुतेकदा वरच्या दोऱ्याची असते. मशीनचा पाय खाली असताना दोरा ओवला, तर तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसतच नाही. आणि शिवताना कापड मागून ओढणारे हात? ते आपले जुने साथीदार. आपल्याला वाकवतात तेच. टी-शर्टाच्या ताणल्या जाणाऱ्या कापडावर आपण टाके सोडता, तोही दोष पाठवणाऱ्याचा. तिथे गोल टोकाची सुई लागते.

बाकी सगळं आपल्याच खात्यावर. आज आपल्याला काढून, सपाट बाजू काचेवर टेकवून पाहिलं. काच आणि आपल्या अंगामधली फट टोकाकडे रुंदावत गेली होती. पुरावा पुरे.

उद्यापासून आपल्या जागी १४ नंबरची नवी सुई रुजू होते आहे, जाडीला ०.९ मिलिमीटर. तिला वरपर्यंत नीट सरकवून, मगच स्क्रू आवळणार. आपली रवानगी झाकणाच्या डबीत. केरात टाकलं, तर कचरा उचलणाऱ्याच्या बोटात शिरून तिथेही कला दाखवाल.

आपली,
उसवणीला बसलेली