पनवेलच्या गच्चीवरून उत्तर ध्रुव

सूर्यावर मोठी ज्वाला उठल्याची बातमी आली, की पनवेलमध्ये तिचा पहिला परिणाम होतो टेरेसच्या किल्लीवर. एरवी पाण्याच्या टाकीचं निमित्त असल्याखेरीज सेक्रेटरीच्या हातून न सुटणारी ती किल्ली त्या रात्री सुटते, आणि खांदा कॉलनीपासून कामोठ्यापर्यंतचे हौशी आकाशनिरीक्षक ऑरोराच्या, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाच्या, आशेने उत्तरेकडे तोंड करून उभे राहतात. ज्वालेचा प्रकाश आठ मिनिटांत पोहोचतो हे खरं, पण ऑरोरा पेटवणारं चुंबकीय वादळ घडवतो तो सूर्यातून सुटलेला भारित कणांचा लोट, आणि त्याला यायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. बातमीच्याच रात्री गच्ची गाठणं म्हणजे वऱ्हाड गावाहून निघालंही नसताना सीमांतपूजनाचं ताट घेऊन वेशीवर उभं राहणं. बरं, उत्तरेला आहे काय, तर तळोजा एमआयडीसी. तिकडचं आभाळ तांबूस दिसलंच, तर सूर्याला श्रेय देण्याआधी एमआयडीसीत चौकशी करावी. फोनच्या नाइट मोडवर तर मुळीच विसंबू नये. त्याला रस्त्यावरच्या दिव्यांतूनही नॉर्वे काढता येतो.

ही आशा लावली हानलेने. 10 आणि 11 मे 2024 च्या मधल्या रात्री, वीस वर्षांतल्या सर्वांत जोरदार सौरवादळात, लडाखमधल्या हानलेच्या वेधशाळेत कॅमेऱ्यांनी आकाशातली लाली टिपली. लडाख भारतात, पनवेलही भारतात, मग आपणच काय घोडं मारलंय, असा हा हिशेब. पण हानले समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून उंच आहे, तिथल्या अंधाराला सरकारी संरक्षण आहे, आणि एवढं सगळं असूनही ती लाली उत्तर क्षितिजाला टेकलेलीच होती. पनवेल तिथून जवळपास चौदा अंश दक्षिणेला. शिवाय ऑरोरा मोजतो तो चुंबकीय अक्षांश, आणि तो आपल्या वाट्याला जेमतेम दहा-अकरा आला आहे. मंडळी वादळाची तीव्रता सांगणाऱ्या ज्या केपी निर्देशांकाकडे डोळे लावून बसतात, तो 9 वर संपतो. त्या नवालाही ऑरोराची नेहमीची हद्द चुंबकीय अक्षांश 48 च्या आसपास. त्याच्या दक्षिणेलाही तो दिसतो, कधी कधी बराच दक्षिणेला. पण अठ्ठेचाळीस आणि अकरा यांच्यातलं अंतर नुसत्या हौसेने भरून निघत नाही.

इथे जाणकार निरीक्षक हुकमाचं पान टाकतात: 4 फेब्रुवारी 1872 ला मुंबईहून ऑरोरा दिसल्याची नोंद आहे, त्याचं काय? नोंद आहे, ती नाकारायचं कारण नाही. मात्र तेव्हाच्या मुंबईत विजेचे दिवे नव्हते, आणि तशी वादळं फार क्वचित भेटतात. त्याच्याही आधीचं, 2 सप्टेंबर 1859 चं कॅरिंग्टन वादळ तर आजवरच्या थोर वादळांपैकी एक. त्या रात्री कॅरिबियन बेटांवरून आकाश पेटलेलं दिसलं. मुंबईत त्याचा कळस झाला सकाळी अकराच्या सुमारास, भर दिवसा आणि पावसाळ्यात. सूर्याने वेळ निवडताना आपला विचार केला नाही. तरीही त्या सकाळी कुलाब्याच्या वेधशाळेत माणसं जागेवर बसून चुंबकाच्या सुईची नोंद घेत होती, आणि त्यांनी आडव्या चुंबकीय घटकात सुमारे 1600 नॅनोटेस्लांची घट टिपली. एकूण बलाच्या मानाने ती चारएक टक्के भरते. डोळ्यांना काही न दिसता मुंबईने त्या वादळाची एक अत्यंत मोलाची नोंद केली. याचं कारण भौतिकीत आहे: वादळात पृथ्वीभोवती, विषुववृत्ताच्या पातळीत, विद्युतप्रवाहाचं एक कडं बळावतं आणि जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्र उतरवतं. हा उतार मोजायला ध्रुवाकडच्या गोंधळापेक्षा आपले अक्षांश सोयीचे. रंग त्यांच्याकडे गेले, आकडा आपल्याकडे आला. वाटणी काही वाईट झालेली नाही.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून 1904 मध्ये या नोंदीचं काम अलिबागला हलवलं गेलं आणि तिथे ते आजही चालू आहे. आणि हे सारं सांभाळणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय कुठे? नवीन पनवेलला, कळंबोलीजवळ; म्हणजे जिथे पोलादाचा घाऊक बाजार भरतो त्याच कळंबोलीजवळ. चुंबकमापक अलिबागला ठेवण्यामागचा शहाणपणा इथला कोणताही ट्रकचालक समजावून देईल. तिकडे 2 सप्टेंबर 2023 ला, कॅरिंग्टन वादळाच्या बरोबर तारखेला, भारताचं आदित्य-एल1 यान निघालं आणि आता पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून सूर्यावर नजर ठेवून आहे.

म्हणून वादळाच्या रात्री आभाळापेक्षा अलिबागचा आलेख पाहिलेला बरा. यावर आक्षेप येणार, की आलेख बघायला कोण गच्चीवर येईल. पोरं निदान वर तरी बघतात. मान्य. पण ती वर बघत नाहीत, वर धरलेल्या फोनमध्ये बघतात, आणि काही न दिसल्यावर दोष ढगांना देऊन खाली येतात. त्यांना अलिबागची ती खाली कोसळणारी रेघ दाखवायला काय हरकत आहे? वादळाच्या रात्री सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, टँकरच्या वेळापत्रकाशेजारी, ती लावावी. मेंटेनन्स थकवलेल्यांची यादी थोडी सरकवली तर जागा होईल. सेक्रेटरींना फक्त आधी विचारावं, कारण उतरणारी रेघ पाहून टाकीची पातळी खाली गेली असं समजून ते पंप चालू करायचे.