अंगठाबहाद्दर साहेबांस खुलं पत्र

माननीय साहेब,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या रविवारी सकाळी शेतकरी बाजारात आपण माझ्या स्टॉलला भेट दिलीत आणि अंजिरांची जातीनं तपासणी केलीत. आपलं नाव मला ठाऊक नाही. पण आपला उजवा अंगठा मी आता कुठल्याही गर्दीत ओळखेन. कुणाला पुरावा हवाच असेल, तर एकेका फळावर ठसा स्पष्ट उमटला होता.

आपण आलात तेव्हा खांद्याला कापडी झोळी होती, तिच्यावर बैलजोडी छापलेली. मला वाटलं, आला आपला माणूस. आपण चष्मा कपाळावर सरकवलात, बॉक्समधलं कडेचं अंजीर उचललंत आणि डॉक्टर पोट चाचपतात तसं दाबलंत. 'इथे दुखतं का?' एवढं विचारायचं फक्त राहिलं. मग त्याच्या शेजारचं. मग त्याच्या शेजारचं. त्यातल्या एकाची साल तडकली, आतला गुलाबी गर डोकावला आणि चिकट रस आपल्या नखाला लागला. तो आपण माझ्याच टेबलावरच्या फडक्याला पुसलात. फुटलेली बाजू खाली करून फळ अगदी हळुवारपणे जागेवर ठेवलंत, मान हलवलीत आणि म्हणालात, "जरा नरमच आहेत हो. दीडशेचा बॉक्स शंभरला देता का?"

साहेब, ते नरम नव्हते. ते आपण केलेत. स्वतःच्या हातानं माल पाडायचा आणि पडलेला माल म्हणून भाव पाडायचा, हे कौशल्य मार्केट यार्डातल्या मुरलेल्या व्यापाऱ्यालाही जमत नाही. तो निदान फळाला हात न लावता भाव पाडतो.

आपल्याला घाई होती. बॉक्स न घेताच आपण पुढे गेलात, पालकाच्या जुडीचे देठ मोडून बघायला. त्यामुळे जे तेव्हा सांगता आलं नाही, ते आता लिहिते.

अंजीर हे फळ आंब्यासारखं नाही. कच्चं उतरवून अढी लावली आणि आठवड्यानं खाल्लं, असं त्याचं जमत नाही. झाडावर पिकलं तरच ते पिकलं. म्हणजे ते तयार झालं की त्याच पहाटे उतरवायचं आणि त्यानंतर दोन दिवसांत कुणाच्या तरी तोंडात पडायला हवं. फ्रीज नसेल तर दुसऱ्या दिवशीच त्याला आंबूस वास यायला लागतो. म्हणून आम्ही उजाडायच्या आत डोक्याला बॅटरी बांधून बागेत शिरतो. उन्हाळ्याच्या तोंडाशीसुद्धा पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतो, कारण अंजिराचं पान खरखरीत असतं आणि अंगाला लागलं की खाज सुटते. फळ देठासकट पिरगाळून घ्यावं लागतं. देठातून पांढरा चीक येतो. तो बोटांवर बसला की कातडी हुळहुळते, मग सोलते, आणि हंगाम संपेपर्यंत भाकरी थापताना पिठातल्या मिठानंही बोटं चुरचुरतात. तोडलेलं फळ सावलीत निववायचं, निवडायचं, बॉक्सच्या तळाला अंजिराचंच पान घालून त्यावर एकेक मांडायचं. एकावर एक फार रचायचं नाही. मग टेम्पो दिवे घाटानं हळू उतरवायचा. ड्रायव्हरला प्रत्येक खड्ड्याला मी आठवण करून देते, म्हणून तो माझ्याशी बोलत नाही.

एवढं सगळं करून ज्या सालीला खरचटू दिलं नाही, तिच्यावर शेवटी आपला अंगठा पडतो. एक फळ फुटलं की त्याचा रस खालच्याला लागतो, तासाभरात चिलटं जमतात, आणि चिलटं बसलेला बॉक्स आपणही घेत नाही, आपल्यामागची बाईही घेत नाही. बागेत बुलबुल आणि साळुंक्या चोची मारतात, रात्री वटवाघळं येतात. त्यांच्यासाठी आम्ही जाळी लावतो. पण पाखरू चोच मारून भाव कमी करून मागत नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं.

ज्या सावता माळ्यांच्या नावानं राज्यात शेतकरी आठवडे बाजारांचं अभियान निघालं, त्यांच्या अरणच्या मळ्यात साक्षात पांडुरंग आला होता अशी कथा आहे. त्यानं तिथली भाजी दाबून बघितल्याचं कुणीच लिहून ठेवलेलं नाही.

२०१६ हे आमच्या पुरंदरसाठी मोठं भाग्याचं साल. त्या एका वर्षात पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं, फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, आठवडे बाजारांचं अभियान सुरू झालं, आणि याच तालुक्यात विमानतळ होणार हेही जाहीर झालं. शेतकऱ्याला मान, मोकळीक, बाजार आणि विमान, सगळं एकदम. त्यानंतर २०२२ मध्ये पुरंदरचं अंजीर जर्मनीपर्यंत गेलं. तिथेही कुणी तरी दाबून बघितलंच असेल, पण निदान आमच्या डोळ्यांदेखत नाही. विमानतळाच्या हद्दीतल्या गावांत बागा राहणार की जाणार यावरून रान पेटलं, आणि मानांकनाचं म्हणाल तर ते मी छापून बॉक्सवर चिकटवलं आहे. आपण ते वाचलंत. वाचून विचारलंत, "हे स्टिकर कुठे मिळतं?"

आपला दुसरा प्रश्नही लक्षात आहे. "मध्ये दलाल नाही, मग एवढा भाव का?" साहेब, दलाल गेला, त्याचं काम नाही गेलं. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल टाकला की आमचा दिवस संपतो. संध्याकाळी हिशोबाची पट्टी येते, भाव पडला असेल तर दोन शिव्या हासडायच्या आणि झोपायचं. इथे टेम्पो माझा, बॉक्स माझे, जागेचं भाडं माझं, दिवसभर उभं राहणं माझं, आणि उरलेला मालही माझाच. कांदेवाला उरलेले कांदे पुढच्या रविवारी आणतो. मी सोमवारी अंजीर कुणाच्या दारात नेऊ? उरलेल्याचा जॅम होतो. आमच्या घरातली पोरं आता जॅमची बरणी दिसली की घराबाहेर पळतात. थेट विक्री म्हणजे शेतकऱ्यानं दलालाचा पैसा वाचवून तो गिऱ्हाइकाला अर्पण करायचा, असा जो आपला समज आहे, तो कुठल्या जीआरमध्ये लिहिलाय तेवढं कळवावं.

किरकोळ बाबी एकेका ओळीत उरकते. "ऑरगॅनिक आहे का?" पावसाळी हवेत तांबेरा आला की मी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारते आणि तसं विचारणाऱ्याला सांगते. फवारणी नको, डाग नको, कीड नको, आणि भावही मंडईतलाच हवा, असं गिऱ्हाईक रोज भेटतं. ऑरगॅनिकचा खरा खर्च समजून ऑरगॅनिकचा भाव देणारं गिऱ्हाईक मात्र उंबराचं फूल आहे. "ड्रायफ्रूटवाल्याकडचं अंजीर केवढं मोठं असतं!" ते बहुतेक अफगाणिस्तानातून सुकून आलेलं असतं. आमचं पूना अंजीर ओलंच खायचं. आणि हो, मोबाइलवर व्हिडिओ बघून "अंजिरात माशी मरते, म्हणजे ते नॉनव्हेज ना?" असं विचारणाऱ्या ताईंनाही याच पत्रात सांगून टाकते: माशीवाचून न धरणाऱ्या जाती वेगळ्या. आमच्या अंजिराला परागीकरण लागतच नाही, माशी आत शिरण्याचा प्रश्नच नाही. जैन मंडळी अंजीर टाळतात, त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. त्यांचा नियम मोबाइलच्या फार आधीचा आहे आणि तो पाळताना ते माझ्या फळाला बोटही लावत नाहीत.

परत अंगठ्याकडे येते, कारण राग त्याचाच आहे.

आपण मॉलमध्येही जाता. जातच असणार, कारण भाव सांगताना आपण तिथला दाखला दिलात. तिथे हेच अंजीर प्लास्टिकच्या बंद डब्यात असतं. कुठलं आहे, कुणी तोडलं, किती दिवसांचं आहे, विचारायला समोर कुणी नाही. तो डबा आपण उघडत नाही. दाबत नाही. हलवून बघता आणि मुकाट्यानं ट्रॉलीत टाकता. तिथे अंगठा खिशात असतो. आणि इथे, जिथे फळ तोडणारी बाई आपल्या समोर उभी आहे, जिची बोटं आपल्याला दिसतायत, जिला आपण वाट्टेल तो प्रश्न विचारू शकता, तिथे मात्र आपला विश्वास फक्त स्वतःच्या अंगठ्यावर! माणूस समोर दिसला की संशय, आणि डब्यावर बारकोड दिसला की श्रद्धा. मग हा बाजार भरवायचा कशाला? आम्ही घाट उतरून यायचं कशाला? आम्हालाही डब्यात भरा आणि बारकोड चिकटवा.

बसते जरा. तेवढं बोलून झाल्यावर आता 'आपण' सोडते आणि 'तुम्ही'वर येते.

रविवारी माल आवरताना मी विचार करत होते, तुमचा हा अंगठा असा संशयी केला कुणी? देवगडच्या पेटीत वरचा थर देवगडचा आणि खालचा कर्नाटकातला, हे तुम्ही पूर्ण पैसे देऊन खाल्लेलं आहे. कार्बाइडनं फळं पिकवायला २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतच बंदी आहे, तरी दर उन्हाळ्यात त्याच्या धाडींच्या बातम्या तुम्ही चहाबरोबर वाचता. अंजिराच्या पाटीत वर ठसठशीत आणि तळाला चेंबलेला बारका माल लावायची कला तर आमच्याच लोकांची. माझ्याच गावात तिच्यात हात बसलेली माणसं आहेत. आणि त्याच रविवारी माझ्यापासून चार टेबलं पलीकडे एक 'शेतकरी' उभा होता. त्याच्या शेतात किवी, ड्रॅगनफ्रूट आणि वॉशिंग्टनचं सफरचंद एकाच हंगामात पिकतं. पांढरी टोपी त्याची माझ्या सासऱ्यांच्या टोपीपेक्षा कडक होती. तुम्ही त्याच्याकडून सफरचंदं घेतलीत, मी बघितलं. त्यानं भाव कमी केला नाही, तुम्हीही मागितला नाहीत. सफरचंद दाबून फुटत नाही, म्हणून तिथे तुमचा अंगठाही शांत होता.

म्हणजे तुमचीही गत काही बरी नाही. आयुष्यभर फसवले गेलेले तुम्ही शेवटी खरं फळ मिळावं म्हणून रविवारी लवकर उठून इथे येता, आणि इथेही कोण खरं, कोण खोटं, हे ओळखायला तुमच्याकडे अंगठ्याशिवाय काहीच नाही. बाजार भरवणाऱ्यांनी प्रत्येक टेबलावर गाव आणि त्या माणसाच्या नावचा सातबारा लावायला हवा. ते माझ्या हातात नाही, पण माझा उतारा मी यापुढे प्लास्टिकच्या पाकिटात घालून टेबलाला लावणार आहे. गट नंबर वाचा. पीक पेऱ्यात अंजीर आहे का बघा. शंका असेल तर सासवडच्या एसटीत बसा आणि बागेत या, झाडाखालीच खाऊ घालते.

पण फसवलं दुसऱ्यांनी आणि वसुली माझ्या फळांकडून, हे चालणार नाही. पिकलेलं अंजीर ओळखायला दाबावं लागत नाही. त्याची मान देठाशी वाकलेली असते. हिरवेपणा जाऊन जांभळट तांबूस रंग आलेला असतो. सालीवर बारीक उभ्या रेघा फुटलेल्या असतात. नाकाशी नेलंत तर गोड वास येतो. डोळे आणि नाक, एवढं पुरे. तुमच्या चष्म्याचा नंबर ठीक असावा, कारण मानांकनाचं स्टिकर तुम्ही लांबूनच वाचलंत.

येत्या रविवारपासून टेबलावर एका ताटलीत चिरलेलं अंजीर असेल. खा, फुकट आहे. आवडलं नाही तर घेऊ नका, मी हाक मारून थांबवणार नाही. जे फळ दाबाल, ते मात्र तुमच्या झोळीत जाईल आणि त्याचे पैसे बॉक्सच्याच भावानं लागतील. क्यूआर कोड डाव्या खांबाला लावलाय, आणि रोख देणार असाल तर सुट्टे घेऊन या.

कळावे,
आपली,
दिवे घाटावरची अंजीरवाली