नभांगणाची नाकेबंदी

मुंबई पोलिसांच्या दूरदृष्टीला तोड नाही. पूर्वी कलम 144 खाली आणि 1 जुलै 2024 पासून कलम 163 खाली निघणाऱ्या त्यांच्या मनाई आदेशांत ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून यांच्या मांडीला मांडी लावून रिमोट कंट्रोलची छोटी विमानेही बसलेली असतात. कारण, समाजकंटक त्यांचा वापर करू शकतात.

शंका रास्तच आहे. इक्वेडोरहून आलेले बाल्सा लाकूड कापून, पंखाच्या फासळ्या चिकटवत, वर इस्त्रीने फिल्म बसवत रात्री जागवणारा माणूस कट रचतो आहे, हे उघड दिसते. कट कोणाविरुद्ध, ते पहिल्या उड्डाणात कळते. शेपटीवरचा एलिव्हेटर हलवणारा सर्वो उलटा जोडलेला असतो. रिमोटची काठी ओढावी तर नाक वर जायचे ते थेट मातीत. (आदेश उडवण्याविरुद्ध आहे, आपटण्याविरुद्ध नाही, एवढाच दिलासा.)

केंद्राने मात्र 2021 च्या नियमांत 250 ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’ ड्रोनला पायलट परवान्यातून सूट देऊन ढिलाई दाखवली. खरा धोका त्याहून हलका आहे. ए-फोर कागदाचे विमान 5 ग्रॅमचे. त्याला आवाज नाही, बॅटरी नाही, रिमोट नाही. म्हणजे जॅमरही निकामी. निर्मिती शाळेच्या शेवटच्या बाकावर, आणि लक्ष्य नेहमी सरकारमान्य व्यक्ती : फळ्याकडे तोंड करून उभे असलेले गुरुजी.

तरी पुढील आदेश निघेपर्यंत पालकांनी पाल्यांच्या वह्यांची पाने मोजून जवळच्या पोलीस ठाण्यात नोंदवावीत, ही विनंती.